रहाट नसलेला आड

भुताखेतांच्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत. पाचगणीच्या इंग्रजी शाळेत आम्हा मुलींना प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची सवय लागली होती. म्हणून हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय... पण जे घडलं ते घडलं.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका जुन्या मळ्याचे प्लॉट पडले होते, त्यातल्या एकावर आमचं घर. मळ्यातला आड तसाच राहिला होता — आमच्या मागच्या भिंतीपलीकडे, जमिनीच्या बरोबरीनं उघडा. त्याच्या कठड्याचे दगड आमच्याच घरांच्या पायाभरणीत गेले होते. मुलं पडू नयेत म्हणून कुणीतरी तोंडावर बाभळीचे काटे टाकले. पावसाळ्यात त्यावर वेल चढले, आणि मग तिथे आड आहे हेच दिसेना.

आडाला पुन्हा कठडा बांधावा म्हणून मी वडिलांच्या हाती सगळ्यांना चिठ्ठ्या पाठवल्या, कारण समोर जाऊन बोलणं मला जमत नसे. शेवटी निवृत्त सुभेदार नाना कठड्यासाठी दगड आणायला तयार झाले.

भाद्रपदातली सकाळ होती, अकराचा सुमार. मी व्हरांड्यात वाचत बसले होते. मागून रहाटाचा आवाज आला. कुर्र... कुर्र... आणि मग बादली पाण्यावर आपटल्याचा. काटे बाजूला सारून आडातून कोण पाणी काढतंय, या रागानं मी मागे गेले.

तिथे कुणी नव्हतं. रहाट तर नव्हताच. शेजारच्या हौसाबाईंची चार वर्षांची तारा वेलांत कमरेपर्यंत रुतली होती. फ्रॉक काट्यांत अडकला म्हणून ती वर राहिली होती. रडतही नव्हती. हाक मारली तर ती दचकेल, म्हणून मी पोटावर झोपून पुढे सरकले आणि तिचे दोन्ही दंड धरून तिला बाहेर ओढलं.

हौसाबाईंनी तिला छातीशी धरलं. त्यांचे मालक लढाईवर होते. तिचे काटे काढता काढता त्या म्हणाल्या, "पोर रडली न्हाई, मग तुमास्नी कळलं कसं?"

मी आवाजाचं सांगितलं.

"आवं ताई, तिथला रहाट मळा मोडला तवाच काढलाय. वाजंल कशानं?"

दुसऱ्या दिवशी आडापाशी नारळ दिसला. नंतर हळदकुंकू. मग बायका लेकरांना कडेवर घेऊन तिथे पाया पडायला येऊ लागल्या — त्याच वेलांपाशी!

रविवारी नानांच्या ओट्यावर सगळे जमले. नाना म्हणाले, "आता कठडा कशाला? आडच राखण करतोय. देवाच्या तोंडाला भिंत घालायची व्हय?"

"ताईसाबास्नी इचारा," मागून कुणीतरी म्हणालं. "बोलल्या तर. न्हाईतर चिठ्ठी धाडतील, ती बी इंग्रजीत."

लोक हसले. पण हसणाऱ्या दोघींच्या कडेवर मुलं होती. पुढच्या वेळी मी घरी नसले तर? मी उभी राहिले.

"मला काहीही ऐकू आलं नाही," मी म्हणाले. "खिडकीतून तारा दिसली, म्हणून धावले."

"मग रहाटाचं काय?"

"घाबरून बोलून गेले."

हौसाबाई माझ्याकडे बघत होत्या. आमच्या घरात त्यांची रोजची ये-जा. आडाच्या बाजूला आमची एकही खिडकी नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला.

"दिसतंय की खिडकीतनं," त्या म्हणाल्या. "म्या बघितलंय. नाना, दगुड कवा आणताय ते बोला."

आठ दिवसांत कठडा उभा राहिला, मोठ्या माणसाच्या कमरेइतका. दगड वाहणाऱ्यांत हौसाबाई होत्या, मीही होते.

त्या दिवशी खोटं बोलले याचा पश्चात्ताप नाही. खरं आज इथे लिहिते आहे: आवाज आला होता, अगदी स्पष्ट. त्यानंतर अकरा वाजता कितीदा तरी मुद्दाम कान देऊन बसले, काही नाही. वारा म्हणावा तर त्या सकाळी पान हलत नव्हतं. भास म्हणावा तर नेमका त्याच क्षणी का? मला सांगता येत नाही.

आमच्या वसाहतीतल्या कुणाच्या हाती हे पडलंच, तर एकच विनंती... नारळ ठेवू नका. कठड्याचा एक दगड सैल झालाय, तो आधी बसवून घ्या.