एकाच बॅटरीवर सगळा भार

पाळी गावच्या खाणपट्ट्यात मी खनिजाच्या ट्रकांचं वायरिंग करायचो. ड्रायव्हरांची मागणी ठरलेली: टेप आणि पंखा. ट्रकात बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, जोडून चोवीस. टेप मात्र बाराचा. मग आम्ही सगळेच मिस्त्री दोहोंतल्या एकाच बॅटरीवरून तार काढायचो. दहा मिनिटांचं काम. ट्रक दिवसभर धावायचा, टेप वाजायचा, आणि आम्हाला वाटायचं, विद्या म्हणतात ती हीच.

खाणी बंद पडल्या. घरचा ट्रक भंगारात घालणं थोरल्या भावाच्या जिवावर आलं, म्हणून त्याने त्यावर खोली चढवली. पलंग, शेगडी, फ्रीज, नळ. पेडण्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना भाड्याने द्यायची. हे जमलं नाही तर पन्नाशीत मुरगावच्या धक्क्यावर हमाली, हे त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

वायरिंग अर्थातच माझ्याकडे. टपावर सोलर, खाली पेटीत दोन मोठ्या बॅटऱ्या, इथेही जोडून चोवीस. भावाने चोवीसचे बारा करून देणारा एक डबा आणला होता.

"ह्यो बसवूक व्हयो, दुकानदार म्हणता."

"दुकानदार विकूकच बसलेलो आसा, दादा. इतक्या वर्सांत एका तरी ट्रकाक डबो लावलंय मी?"

डबा मी बाकाखाली सरकवला आणि फ्रीज, पंखे, पाण्याचा पंप, सगळं एका बॅटरीवर टाकलं. भावाने पेटीचं झाकण लावलं. त्याचा माझ्यावर विश्वास होता. हे लिहितानाही माझे कान तापतात.

तेरेखोलजवळ ती गाडी चार दिवस जागची हलली नाही. फ्रीज अखंड चालू. राबणारी बॅटरी रिकामी होत गेली आणि सोलर त्या बसून राहिलेल्या दुसरीलाच नको इतकं भरवत राहिलं. चौथ्या दिवशी दुपारी ती फुगून फुटली. खोलीभर कुजक्या अंड्यांचा वास. पहिलंच गिऱ्हाईक, एक म्हातारं जोडपं, सामान घेऊन उन्हात रस्त्यावर उभं राहिलं. त्यांनी नेटवर जे लिहिलं, ते वाचून पुढची सगळी बुकिंगं रद्द झाली.

"अतिशहाण्याचो बैल रिकामो," वहिनी माझ्या तोंडावर म्हणाली. भावाने मात्र एक शिवी दिली नाही. मला ती हवी होती. हंगाम सरेपर्यंत त्याने धक्क्यावर पोती उचलली. बेळगावकडच्या एका मिस्त्रीकडून डबा बसवून घेतला, तेही मला बाहेरून कळलं.

पुढल्या हंगामाआधी त्याचा फोन आला. "गाडयेक रंग मारूक येशीत?"

मी गेलो. बॅटऱ्यांच्या पेटीला नवंकोरं कुलूप होतं. माझी नजर तिकडे गेलेली त्याने पाहिली.

"गिऱ्हाइकांची पोरां हात घालतत," तो म्हणाला.

त्या गाडीत तोवर एकही पोर चढलं नव्हतं.