मामांच्या फोनवर आवाज घुमतो

आमच्या कारखान्यातल्या डिस्पॅचच्या मामांइतका टेलिफोनला जीव लावणारा माणूस अख्ख्या भोसरीत नाही, आणि टेलिफोनचा इतका छळ करणाराही दुसरा नाही. उमर सगळी प्रेसशॉपमधल्या मशीनच्या धडधडाटात घालवून ते ऑफिसात आले, तेव्हापासून टेबलावरचा काळा फोन रोज सकाळी नव्या गाडीसारखा पुसतात. फोन वाजला की आधी टोपी सरळ करणार, मग उभे राहणार आणि मग असे बोलणार, की चाकणच्या गिऱ्हाइकाला तारेची गरजच पडू नये. "व्हय सायेब! माल निघाला!" समोरच्यानं टेम्पोचा नंबर विचारला, तर हे ड्रायव्हरच्या तब्येतीची खुशाली सांगणार. आम्ही म्हणायचो, गप्पिष्ट स्वभाव, दुसरं काय!

फोनची देखभाल माझ्याकडे, म्हणून शिव्याही माझ्याच वाट्याला. चाकणचं गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "मॅडम, तुमच्या डिस्पॅचला फोन केला की माझाच आवाज मला परत ऐकू येतो!" मी वायर बदलली, ऑफिसच्या एक्स्चेंजमधलं कार्ड बदललं, लाइनवाल्याच्या डोक्याला ताप दिला. आवाज घुमायचा तो घुमतोच. शेवटी साहेब म्हणाले, "मामांना गोदामात पाठवू. फोन दुसरं कुणीतरी घेईल." मामांचा चेहरा असा उतरला, की मला त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

दुपारी मी त्यांच्याच फोनवरून गिऱ्हाइकाला फोन लावला आणि रिसीव्हर कानाला लावताच दचकले. अगं बाई! आवाज पार शेवटपर्यंत चढवलेला! गिऱ्हाइकाचं बोलणं रिसीव्हरच्या वरच्या टोकातून निघून खालच्या माइकमध्ये शिरत होतं आणि त्याचं त्यालाच परत जात होतं. मी बटण दाबून आवाज खाली आणला. "आता एकदम साफ!" तिकडून उत्तर आलं. मी आनंदानं रिसीव्हर मामांच्या हातात दिला.

"हॅलो? हॅलो? लाइन कट झाली गं," मामा म्हणाले. गिऱ्हाईक तर बोलतच होतं.

मी बटण दाबून आवाज पुन्हा चढवला. तसे मामा कसनुसं हसून म्हणाले, "सायबांना सांगू नगंस, पोरी. बहिरा म्हून घरी बसवत्याल."

सांगितलंच मी. आणि साहेबांचं देव भलं करो, ते स्वतः मामांना गाडीत घालून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मामांच्या कानात मशीन आलं, टेबल त्यांचंच राहिलं. जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू!

आता मामा हळू बोलतात. सवयीनं मीच ओरडते. परवा हात वर करून म्हणाले, "हळू की पोरी. घरी बी समदी अशीच वरडायची. इतकी वर्सं मला वाटायचं, माज्यावर रागावल्यात."