जमिनीवर अडकलेला एझेल

एझेल ट्रामेलला जमिनीवर झोप लागत नसे. माझ्या थोरल्या बहिणीचा, आयडेलाचा, हा नवरा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. सफरीहून आला की थोडे दिवस खुशीत असायचा, मग घरातल्या घरात येरझारा सुरू. "पलंग हलत नाही, डोळा कसा लागेल?" म्हणायचा. "लाथा मारून हलवू का?" आयडेला विचारायची. मी खालच्या मजल्यावर राहायचे, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

महायुद्धानंतर जहाजावरच्या स्वयंपाक्यांच्या युनियनने भांडून एक गोष्ट पदरात पाडून घेतली होती. काळे आणि गोरे एकाच खोलीत झोपणार आणि बढती ज्याची पाळी त्याला. त्यासाठी एझेल दर सभेत उठून बोलला होता. पण कोरियात लढाई पेटली आणि सरकारला जिकडेतिकडे कम्युनिस्ट दिसायला लागले, युनियनमध्ये बोलणाऱ्यांत तर आधी.

एका सकाळी तो पिशवी खांद्यावर टाकून धक्क्यावर गेला आणि दुपारच्या आत परत आला. जहाजावर चढायला आता सरकारी कार्ड लागत होतं आणि ते त्याला नाकारलं होतं, म्हणून फाटकावरच्या शिपायाने त्याला चढूच दिलं नव्हतं.

"देशाला माझ्यापासून धोका आहे म्हणे," तो म्हणाला.

"तुझ्या मिरच्यांपासून असेल," आयडेला म्हणाली आणि त्याची पिशवी आत नेऊन ठेवली.

त्याने दाद मागितली. सुनावणीला मी आयडेलाबरोबर मागच्या बाकावर बसले होते. आरोप नेमका काय आणि केला कुणी, ते साहेब लोक सांगायला तयार नव्हते. नुसते विचारत होते.

"तुमच्या घरी गोरी माणसं जेवायला येतात?"

"येतात की. पोटभर जेवून जातात."

"काळ्या-गोऱ्यांनी एका खोलीत झोपावं, हे तुमच्या डोक्यात कुणी भरवलं?"

"कुणी कशाला भरवायला हवं, साहेब? त्याआधी आम्हा काळ्यांची खोली बॉयलरच्या डोक्यावर होती."

आयडेलाने माझा हात असा आवळला की बोटं कळवळली. निकाल काही बदलला नाही.

मग तो एका हॉटेलात लागला. टोप्या घातलेले दोन सरकारी लोक आले, केक खाल्ला, कॉफी प्यायले, मालकाशी हळू आवाजात बोलले. संध्याकाळी एझेल घरी. दुसऱ्या हॉटेलातही तेच. शेजारपाजारचे लोक त्याला बघून रस्त्याची बाजू बदलू लागले.

सगळ्यात लागलं ते आमच्या चर्चचं. बाराव्या रस्त्यावरचं कापडाचं मोठं दुकान आमचे पैसे घ्यायचं, पण आमच्या काळ्या मुलींना कामावर घ्यायचं नाही. चर्च त्यापुढे निदर्शनं करणार होतं. त्याच्या महिनाभर आधी चर्चचे पाद्री रेव्हरंड स्टोव्हॉल घरी आले. हातातली हॅट फिरवत म्हणाले, "ब्रदर ट्रामेल, तू भला माणूस आहेस. पण तू रांगेत दिसलास तर ते म्हणतील, बघा, मॉस्कोने पाठवलेत. आणि चर्चच्या जेवणाचा स्वयंपाक तू करतोस, तोही... सध्या राहू दे."

"म्हणजे हक्क मागायचे, पण मागताना मी नको," एझेल म्हणाला. रेव्हरंडनी हॅट डोक्यावर घातली आणि निघाले.

त्यानंतर तर त्याचा पाय घरात ठरेना. उठायचा, धक्क्याच्या कुंपणापर्यंत चालत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. "त्या कुंपणाशीच लग्न करायचं होतंस!" आयडेला ओरडायची आणि त्याच्यासाठी जेवण झाकून ठेवायची.

निदर्शनांच्या शनिवारी आम्ही पाट्या घेऊन दुकानापुढे फिरू लागलो. समोरच्या फुटपाथवर एझेल उभा होता. ठेवणीतला सूट, हात खिशात, पाय सारखे बदलत. इतक्यात गोऱ्या पोरांचं टोळकं जमलं. "रशियात जा! लाल कुत्र्यांनो!"

"रशिया कुठेशी आलं गं?" सॅक्रामेंटो शहरापलीकडे कधी न गेलेल्या, आमच्या चर्चच्या म्हाताऱ्या सिस्टर लव्होनियाने मला विचारलं.

एक टोमॅटो येऊन रेव्हरंडच्या कॉलरवर फुटला. त्यांनी रुमालाने कॉलर पुसली, समोर पाहिलं आणि मोटारींमधून वाट काढत रस्ता ओलांडला. तिथे काय बोलणं झालं, ते एझेलने नंतर सांगितलं.

"चल ब्रदर. शिव्या तशाही बसल्याच. तुझ्यावाचून का खायच्या?"

"आणि चर्चचा स्वयंपाक?"

"तोही कर बाबा. सिस्टर लव्होनियाची कोंबडी खाऊन लोक चर्च सोडायला निघालेत."

दोघं मिळून इकडे आले. मी माझी पाटी एझेलच्या हातात दिली.

पुढे त्या दुकानाने आमच्या दोन मुली घेतल्या, रुमालांच्या काउंटरवर. एझेलचं कार्ड मिळायला मात्र वर्षं गेली. असे लपवलेले आरोप चालणार नाहीत, असं कोर्टाने ठरवलं तेव्हा कुठे ते हातात पडलं. मिळालं तसा तो योकोहामाच्या जहाजावर चढला. आता सगळं ठीक होईल, असं आम्हाला वाटलं. एक सफर करून तो परत आला आणि पिशवी फळीवर टाकली.

"युनियन मोडली," तो म्हणाला. "अजून एकाच खोलीत झोपतात, पण एकमेकांकडे पाठ करून. मी आत शिरलो की बोलणं बंद."

मग तो एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागला. काम चोख करायचा, पण अनोळखी दोघं बरोबर दिसले की हातातला डाव ठेवून बाहेर बघायला यायचा. सुट्टी लागली की बस पकडायचा. पोर्टलंड, सिॲटल, जिथे बंदर असेल तिथे. "तिथे करतोस तरी काय?" आयडेलाने एकदा विचारलं. "बघतो," तो म्हणाला.

पुढे तीही त्याच्याबरोबर जायला लागली. मी कारण विचारलं, तर म्हणाली, "घरी वाट बघत बसण्यापेक्षा बसमध्ये पाय अवघडलेले बरे."