डॉली सॉड्सच्या माळावरची हरतालिका

हा अनुभव सांगायचा तर आधी माझा राग सांगावा लागेल, कारण त्या दिवशी माझ्याजवळ भक्ती नव्हती, रागच होता. नवऱ्यावर होता, सासूबाईंवर होता आणि सगळ्यात जास्त देवावर होता. मी याद्या करणारी बाई आहे. प्रवासाची यादी, वाण्याची यादी, औषधांची यादी. काम झालं की रेघ मारायची. देवाचंही माझ्याकडे तसंच होतं. सकाळी आंघोळ, दिवा, नमस्कार, रेघ. तो त्याचं काम करतो आहे की नाही याबद्दल मला बरीच वर्षं शंका होती, पण भांडायला वेळ नव्हता. तो वेळ २००३ साली, लेबर डेच्या जोडसुट्टीतल्या शनिवारी मिळाला.

आम्ही तेव्हा पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला राहत होतो. सासूबाई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. त्यांना एकदा तरी डोंगर दाखवायचे म्हणून मी एप्रिलमध्येच वेस्ट व्हर्जिनियातली एक केबिन ठरवून ठेवली. यादीत ब्लँकेटं होती, थर्मास होता, त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या होत्या, सुहासच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पाठीचा पट्टासुद्धा होता. पंचांग बघायचं मात्र राहिलं. शुक्रवारी संध्याकाळी केबिनवर पोचल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "उद्या हरतालिका आहे गं." मी डबे उघडत होते. पाठ न वळवताच म्हटलं, "आई, सोमवारी घरी गेल्यावर करू पूजा. देव काही घड्याळ लावून बसलेला नाही." 

शनिवारी सकाळपासून तर त्या एक अक्षर बोलेनात. चहा नको, पाणी नको, विचारलं की नुसती मान हलवायची. मी सुहासला म्हटलं, "तुझी आई रुसली आहे." तो म्हणाला, "येईल गं मूड, वर गेल्यावर." आमच्या लग्नानंतर दोन महिन्यांतच आम्ही अमेरिकेत आलो. इतक्या वर्षांत सासूबाईंची एकही हरतालिका मी जवळून पाहिलेली नव्हती. म्हणून त्यांचं गप्प बसणं मला रुसणंच वाटलं, आणि अडुसष्ट वर्षांच्या बाईनं पाहुणी म्हणून येऊन रुसावं याचा मला संताप आला.

त्या दिवशी आम्ही गेलो तो डॉली सॉड्स हा डोंगराच्या माथ्यावर पसरलेला ओसाड माळ आहे. खालून चढताना दाट जंगल असतं आणि वर पोचल्यावर ते एकदम संपतं. पुढे नजर जाईल तिथवर गुडघाभर झुडपं, पांढरट खडक आणि वारा. वारा असा की तिथली स्प्रूसची झाडं एकाच अंगानं वाढलेली. पश्चिमेकडची बाजू साफ बोडकी, फांद्या सगळ्या पूर्वेकडे, जणू कुणी केसाला धरून ओढलं आहे. मधूनमधून हिरवंगार, मऊ दिसणारं शेवाळ. ते दिसतं गादीसारखं, पण पाय टाकला की खाली काळं पाणी आणि चिखल. पाटीवर लिहिलं होतं की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्कराचा सराव चालायचा, जुना तोफगोळा दिसला तर हात लावू नका. हवामान केव्हाही बदलतं, हेही लिहिलं होतं. हा माळ कुणाचे लाड करणारा नाही, एवढं पहिल्या पाच मिनिटांत कळलं. मला तो मुळीच आवडला नाही.

सासूबाईंना आवडला. त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं, आणि गावावरच्या कातळाच्या सड्यावर त्यांचं बालपण गेलेलं. ब्लूबेरीची पानं कडेनं लाल व्हायला लागली होती. त्या वाकून प्रत्येक झुडपाचं पान बोटांत धरून बघत होत्या. चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू होतं. ते पाहूनही मी चिडले. झाडांशी हसायचं आणि माझ्याशी बोलायचं नाही!

मी आणि सुहास गाडीपाशी नकाशा उघडून भांडत होतो. परतीचा रस्ता कुठला यावरून. दहा मिनिटं, फार तर पंधरा. मान वर केली तर सासूबाई नव्हत्या, आणि त्यांच्यामागचा माळही नव्हता. धुकं आलं होतं. ते खालून वर चढत आलं नाही. ढगच जमिनीवर उतरला. गाडीची पलीकडची बाजू दिसेना.

पायवाटेवर वीसेक पावलांवर एका खडकावर त्यांचे बूट सापडले. मीच घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्स शूज. एकाशेजारी एक नीट ठेवलेले, आत मोजे घडी करून. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पायात काही घालून पत्री तोडायची नाही, हे माझी आईही मानायची. ही बाई हरतालिकेची पत्री गोळा करायला अनवाणी गेली होती. पोटात पाण्याचा थेंब नाही, अंगावर सुती साडी आणि पातळ स्वेटर, आणि समोर चिखल, खडक आणि ते तोफगोळे.

मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही दोघं हाका मारत सुटलो. "आई! आई!" तो एकीकडून, मी दुसरीकडून. उत्तर नाही. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. दर हाकेनंतर माझ्या मनात दोनच गोष्टी यायच्या. त्या रुसून उत्तर देत नाहीत, नाहीतर त्या उत्तर देऊ शकत नाहीत. पहिली खरी असावी म्हणून मी देवाची प्रार्थना करायला हवी होती. मी शिव्या दिल्या. त्या धुक्यात उभी राहून, मोठ्यानं, मराठीत. "तुझ्यासाठीच गेली ना ती? तुला पानं हवीत म्हणून? सबंध जन्म उपास केले तिनं, आणि तू हे देतोस? लाज नाही वाटत? खाली उतर आणि शोध तिला!" सुहास म्हणाला, "अगं, काय बोलते आहेस!" मी त्यालाही सोडलं नाही. "तू गप्प बस. तुला आईवर लक्ष ठेवता येत नाही, रस्ता तरी कुठे सापडतो?"

तेवढ्यात धुक्यातून एक बाई आली. साठीच्या पुढची, टी-शर्टवर पुरुषी चौकड्यांचा शर्ट, रबरी बूट, कमरेला दोरीनं बांधलेली बादली, बादलीत शेवटच्या ब्लूबेऱ्या. हातात काठी. तिनं काय झालं ते ऐकून घेतलं, आणि माझं बोलणं अर्धवट तोडून इंग्रजीत म्हणाली, "आता तुम्ही दोघं तोंड बंद करा."

मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं.

"तुम्ही सारखं ओरडता आहात," ती म्हणाली. "ती बोलली तरी ऐकणार कधी?" मग सुहासला म्हणाली, "तू गाडीत बस. दर पाच मिनिटांनी एकदा हॉर्न वाजव, म्हणजे आम्हाला परत येता येईल." आणि मला म्हणाली, "तू इथे माझ्याजवळ उभी राहा. काही करू नकोस."

काही करू नकोस! आयुष्यात मला हे कुणी सांगितलं नव्हतं. यादीत काहीच उरलं नव्हतं. बोलायचं नाही, धावायचं नाही, फक्त उभं राहायचं. मनातल्या मनात मी म्हटलं, बरं, घे. माझ्याच्यानं होत नाही. हे मी नम्रपणे म्हटलं नाही. दार आपटून निघून जावं तसं म्हटलं. पण म्हटलं खरं.

आधी नुसता वारा ऐकू आला. मग झुडपांतलं पाणी ठिबकताना. आणि मग, फार बारीक, टाळ्या. थांबून थांबून नाही, ठेक्यात. आपण आरतीला वाजवतो तशा. त्या माळावर तो ठेका माझ्याशिवाय कुणाला ओळखू येणार होता? बाईनं कान तिरका करून दिशा ठरवली आणि म्हणाली, "मी जिथे पाय ठेवते तिथेच ठेव." काठीनं चाचपत ती शेवाळाच्या कडेकडेनं गेली. एकदा माझा पाय चुकला आणि मांडीपर्यंत आत गेला. तिनं दंडाला धरून ओढून काढलं, तेही रागावूनच.

दलदलीच्या मधोमध एका सपाट खडकावर सासूबाई मांडी घालून बसल्या होत्या. पाय चिखलानं काळे, ओठ निळे, हात लालबुंद. पदरात पानं. मी त्यांना मिठी मारली आणि त्याच श्वासात ओरडले, "आई, तोंडानं ओ द्यायला काय झालं होतं?" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मग पदर उघडून पत्री दाखवली. मौन! पूजा होईपर्यंत बोलायचं नाही. सकाळपासूनचं ते रुसणं नव्हतंच. मला हसावं की त्यांना गदगदा हलवावं कळेना. ती बाई बघत होती. मी तिला समजावलं तशी ती म्हणाली, "माझी आजी असती तर तिनंही हेच केलं असतं. अडेलतट्टू." तिनं आपला कोरडा शर्ट काढून सासूबाईंच्या खांद्यावर घातला आणि हॉर्नच्या आवाजावर आम्हाला रस्त्यापर्यंत आणून सोडलं. मी थर्मास काढायला गाडीत वाकले, तोवर ती बादली घेऊन पुन्हा धुक्यात गेलीही. तिचं नावसुद्धा विचारलं नाही मी. तिला देवानं पाठवलं की ती ब्लूबेऱ्यांसाठी आली होती, यावर मी वाद घालणार नाही. तिचा शर्ट मी धुऊन घडी करून ठेवला आहे, परत द्यायला पत्ता नाही.

संध्याकाळी केबिनमध्ये आम्ही जवळच्या ओढ्याकाठच्या वाळूची पिंड केली. दूर्वा नाहीत, बेल नाही. लालसर पानं, नेचे आणि एकांगी स्प्रूसची डहाळी. मी शेजारी बसून पानं पुढे करत होते. आरती झाली आणि सासूबाईंनी तोंड उघडलं.

"काय गं, देवाला इतकं बोलतात का?"

मी मान खाली घातली. "तुम्हाला ऐकू गेलं सगळं?"

"शब्दन् शब्द. मी टाळ्या वाजवत होते, पण तुम्ही कुठे थांबताय!" मग त्यांनी माझा हात हातात घेतला. "फार भ्याले होते गं मी. पाय टाकावा तिथे चिखल. चारदा वाटलं, मोडावं मौन. मग तुझा आवाज यायचा. म्हटलं, ही भांडते आहे तोवर ही गेलेली नाही. मग बसून राहिले."

ज्या रागाची मला लाज वाटत होती, त्याच्याच आधारानं धुक्यात एक म्हातारी बाई धीर धरून बसली होती. देवानं माझी शिवीगाळ ऐकली, आणि फेकून न देता तिच्यापर्यंत पोचवली. प्रार्थना म्हणून मी आजवर जे काही पुटपुटले, त्यातलं एवढं नेमक्या ठिकाणी कधी पोचलं असेल असं मला वाटत नाही. आणि त्याचं उत्तर मात्र मी तोंड बंद केल्यावरच आलं.

मी बदलले असं म्हणणार नाही. याद्या आहेत, चिडचिड आहे, आणि देवाशी माझं भांडण चालूच आहे. खूप वाईट बातमी आली की आजही पहिला शब्द वाकडाच जातो. तो तेवढं सोसतो, हे मला आता माहीत आहे, आणि त्यासाठी मी त्याची ऋणी आहे. फक्त सगळं बोलून झालं की मी दिव्यासमोर थोडा वेळ काही न करता बसते. त्याच्या बाजूनं काही येत असेल, तर यायला जागा असावी.