बफ न मारलेली चकती

फोन आला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होतो. सकाळी हॉस्पिटलात वसू म्हणाली होती, "इथलं सूप पुरे झालं. चिंच-गुळाची आमटी करून आणा." म्हणून बस धरून डब्लिनच्या कडेला ल्यूकनला घरी आलो होतो. फोनवरची नर्स फार हळू, फार गोड बोलत होती. हॉस्पिटलवाले इतकं गोड बोलायला लागले की काय ते समजतं. गॅस बंद केला. आमटी मात्र डब्यात भरली आणि घेऊनच गेलो. का, ते मला विचारू नका…

वसुधा माझी बायको. ती पीएच.डी. झालेली, मी सातवी नापास. लोकांना ही जोडी पचायची नाही, तोंडावर विचारायचे. नाशिकला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी बफिंगला होतो. फिरत्या कापडी चाकावर ताट-वाटी दाबून धरायची आणि तोंड दिसेस्तोवर चकाकवायची, एवढंच काम. ती समोर राहायची. एक दिवस तरातरा आली आणि म्हणाली, "तुमच्या त्या काळ्या धुळीनं आमचे दोरीवरचे कपडे खराब होतात." मी म्हटलं, "मग दोरी दुसरीकडे बांधा." ती म्हणाली, "आधी तोंड धुऊन या, मग बोला." तिथून आमचं जमलं. पोरबाळ झालं नाही. तिला इथं डब्लिनच्या एका प्रयोगशाळेत काम मिळालं, तिच्यामागून मीही आलो आणि एका कँटीनमध्ये भांडी धुवायला लागलो. ती हसायची, "देश बदलला, पण भांडी काही तुम्हाला सोडत नाहीत."

तिचं काम काय, हे मला कळायला फार वेळ लागला. मी समजत होतो, स्टीलवर कसला तरी लेप देतात. ती चिडायची. "लेप नाही हो! लेप वर बसतो, कधीतरी सुटतो. आम्ही नायट्रोजनचे कण इतक्या जोरात मारतो की ते धातूच्या आत घुसतात आणि तिथंच राहतात. वरचा भाग कडक होतो, लवकर झिजत नाही." मी म्हटलं, "खिळा ठोकल्यासारखं?" "खिळ्याचं डोकं तरी दिसतं. हे काहीच दिसत नाही." मग दुसरे कण मारून ते कसे आपटून परत येतात हे बघायचं, त्यावरून आत काय आणि किती खोल गेलंय ते ओळखायचं. एवढ्यासाठी ती दिवसदिवस त्या यंत्रापाशी बसायची.

घराच्या मागच्या शेडमध्ये मी जुनं बफचं मशीन लावलं होतं, हाताला चैन पडावी म्हणून. एकदा तिच्या पिशवीत स्टीलची रुपयाएवढी चकती दिसली, जरा काळपट. म्हटलं, आणतो चकाकी. चाकाला लावणार तोच मागून ओरडली, "अहो, थांबा! माझं सगळं काम वरच्या थरात असतं. केसाहून कितीतरी पातळ. एकदा बफ फिरवलात की गेलं सगळं!" मी म्हटलं, "मग असलं नाजूक काम करायचंच कशाला?" दोन दिवस बोलली नाही. बोटाच्या डागांचं तर तिला वेडच होतं. चकती चिमट्यानं धरायची, हातमोजे घालूनच. बोटाचं तेल लागलं आणि त्यावर यंत्रातल्या कणांचा झोत पडला तर ते तिथंच जळून बसतं, मग स्पिरिटनं पुसा नाहीतर काहीही करा, निघत नाही. प्रयोगशाळेतली शिकाऊ मुलं तिला वचकून असायची. घरीसुद्धा पाण्याचा ग्लास मी वरून धरला की म्हणायची, "कडेनं धरा."

आजारपणात औषधांनी तिच्या बोटांतली जाणीव गेली. चहाचा कप हातातून सुटायचा. तरी कामावर जायचीच. मी म्हणायचो, "कशाला जातेस? पडशील कुठंतरी." ती म्हणायची, "घरी बसून तुमचं तोंड बघू?"

ती गेल्यावर काही आठवड्यांनी तिच्याबरोबर यंत्र चालवणारा डेक्लन घरी आला. चहा घेतला, "ग्रँड, ग्रँड" म्हणाला आणि खिशातून छोटी डबी काढली. आत चकती. तिच्यावर अंगठ्याचा काळपट ठसा, रेघान् रेघ दिसत होती. मी विचारलं, कुणाचा? तो खाली बघत म्हणाला, "तिचाच." हातमोजा घालून चिमटा धरता येईना, म्हणून तिनं मोजा काढला आणि चकती तशीच हातानं यंत्रात बसवली. सगळ्यांनी पाहिलं, कुणी बोललं नाही. जुन्या चकत्या घासून पुन्हा वापरतात, ही मात्र त्यानं वेगळी ठेवली होती.

तो गेला आणि मला राग आला. वसूनं जन्मभर दुसऱ्यांना बोटाच्या डागावरून फाडून खाल्लं, आणि तिच्याच नावावर हा डाग? तिला लाज वाटली असती. डाग घालवायचे तर मीच घालवणार, दुसरं मला येतंय काय. शेडमध्ये गेलो, मशीन लावलं, चाकाला पॉलिशचा मसाला लावला. चाक फिरायला लागलं. चकती हातात घेतली… आणि ती मागून ओरडेल म्हणून थांबलो.

कुणी ओरडलं नाही. चाक आपलं घूं घूं करत राहिलं.

डाग घासला तर वरचा थर जाणार. तिचं कामही तिथंच, तिचा अंगठाही तिथंच. एक ठेवायचं आणि एक काढायचं, हे माझ्या चाकाला जमण्यासारखं नव्हतं. स्विच बंद केला. चाक थांबेपर्यंत उभा राहिलो.

आता ती डबी स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये असते, तिच्या कपाशेजारी. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. आमटी केली की डबी उघडतो. त्या ठशावर आपला अंगठा ठेवून बघावा असं फार वाटतं. ठेवत नाही. कडेनं धरतो.