सकाळची सुई

आमचे हे मोतद्दार. तीस वर्षं दुसऱ्यांच्या घोड्यांची लीद उपसली, पण तोंडातून खोटं म्हणून कधी निघालं नाही. निघालं ते एकदाच, आणि तेही माझ्यापायी.

तबेल्यातल्या काळ्या घोडीवर ह्यांचा भारी जीव. मी तिला सवत म्हणायची. अंगात ताप असला तरी आधी तिचं पाणी, मग बाकीचं जग! दोन महिने ह्यांच्या छातीत दुखत होतं आणि मोठ्या मिनतवारीने डॉक्टरांची वेळ मिळाली होती. नेमकी त्याच सकाळी घोडी खुराने जमीन उकरायला लागली, वळूनवळून कुशीकडे बघायला लागली.

"पोट दुखतंय हिचं. डॉक्टरीणबाईंना बोलावतो."

"द्या की ती कपाटातली सुई! आज माणसांच्या डॉक्टरकडे जायचंय, कळलं?" मी खेकसलेच.

डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय कळ थांबवायची सुई द्यायची नाही, हा तबेल्याचा नियम. दुखणं दबतं, आतला रोग दबत नाही. ह्यांना ते पाठ होतं. तरी दिली. घोडी शांत झाली, आम्ही निघालो. छातीत काही नव्हतं मेलं, नुसतं पित्त.

दुपारी परतलो तर घोडीचं पोट टम्म फुगलेलं, अंग घामाने निथळतंय. घोड्यांच्या दवाखान्यात नेली. मोठ्या आतड्याला पीळ पडला होता. डॉक्टरीणबाईंनी पोट उघडून तो सोडवला आणि टेबलापासूनच ओरडून विचारलं, "आतडं काळंनिळं पडलंय. दुखणं नक्की कधी सुरू झालं? सुई वगैरे दिली होती?"

"दुपारीच. सुई नाही दिली," हे म्हणाले. नोकरी गेली असती. शिवाय मी शेजारी उभी होते.

"म्हणजे दोनच तास. मग वाचेल. सकाळपासून असतं तर तेवढं आतडं कापूनच काढलं असतं."

शब्द जिभेवर आला होता, देवाशप्पथ. मी गिळला. आजही त्याची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी घोडी गेली. आतडं आतच सडलं होतं. डॉक्टरीणबाई ह्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पोरसवदा बाई, रडून डोळे लाल. "काका, तुम्ही वेळेत आणलीत. माझाच अंदाज चुकला. कापायला हवं होतं."

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी पुढे झाले, तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "जाऊ दे गं बाई. चूक कुणाच्याही हातून होते."