खापेकर गुरुजी आणि दुसऱ्याची बाजू

खापेकर गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिले ते इतवारीतल्या एका शिंप्याच्या दुकानात. मी मामीचे ब्लाउज आणायला गेले होते. दुकानासमोर खाकी हाफपँट घातलेले, पांढऱ्या मिशांचे, गळ्यात शिट्टी अडकवलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांचा शर्ट शिवून झालेला नव्हता. आता भांडण होणार म्हणून मी बाजूला सरकले. पण ते शांतपणे म्हणाले, "थांब गा बापू. माझा शर्ट काहून झाला नाही, ते आधी मी सांगतो. लगनसराई हाय. तुझा काजं-बटनवाला गावाले गेला. मशीनचा पट्टा दोनदा तुटला. अन् मी माप द्याले आलो तेव्हाच तुले वाटलं, हा म्हातारा काही घाई करत नाही. बरोबर?"

"एकदम बरोबर, गुरुजी," शिंपी म्हणाला.

"आता माझं तू सांग."

शिंप्याने कात्री खाली ठेवली आणि विचार केला. "तुमच्याजवळ दोनच शर्ट हायेत. एक धुवाले टाकता, दुसरा घालता. आता घातला त्याची कॉलर फाटली. पोरांसमोर बरं दिसत नाही."

"वा! बरोबर सांगितलं!" गुरुजींचा चेहरा खुलला. दोघांना एकमेकांचे म्हणणे इतके पटले की शर्टाचा विषय तिथेच राहिला आणि गुरुजी फाटक्या कॉलरीनेच घरी गेले.

गुरुजी कॉर्पोरेशनच्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाले होते. मी कॉलेजसाठी मामाकडे राहत होते. त्याच्या घरामागच्या मैदानावर ते मुलांचे एक पथक चालवत. सगळे त्याला कुमार पथक म्हणत. चाळीसेक मुले रोज सकाळी तिथे कवायत करत, प्रथमोपचार शिकत आणि रामटेकच्या यात्रेत यात्रेकरूंची सेवा करायला जात. पथकात काही मतभेद झाला की रविवारी सभा भरे. तिथला कायदा गुरुजींनीच केलेला होता. ज्याचे जे मत असेल त्याने त्याच्या उलट बाजूने बोलायचे. समोरच्याने "हो, माझं म्हणणं हेच" अशी मान हलवल्याशिवाय खाली बसायचे नाही. दोन्हीकडून एकेकजण बोलला की हात वर करून मत द्यायचे. मत मात्र स्वतःचे. "आधी त्याचं, मंग आपलं," हे गुरुजींचे पालुपद होते.

यात एक अडचण होती, ती मला पुढे काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने सांगितली. गुरुजी बोलण्यात फार तरबेज होते. कवायत पहाटे पाचला असावी असे त्यांना वाटे. म्हणून सभेत ते सहाच्या बाजूने बोलले आणि इतके सुंदर बोलले की सहाची वेळ ठरली. तेव्हापासून गुरुजी एकटेच पाचला येऊन मैदानावर तासभर मुलांची वाट पाहत. पंचवीस वर्षांत ते एकही सभा हरले नव्हते. म्हणजे पंचवीस वर्षे पथकात गुरुजींच्या मनाविरुद्धच सगळे होत आले होते आणि गुरुजींना त्याचा अभिमान होता.

मी पारशिवनीकडच्या एका खेड्यातली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच. बाबांनी पाठवताना सांगितले होते, "एक वर्ष शीक. हाताले काही काम लागलं तर पुढचं पाहू. नाही तर घरी ये." घरी ये म्हणजे लग्न कर, हे सांगायची गरज नव्हती. कॉलेजात मला कळले की शहरातल्याच धंतोलीतले एक डॉक्टर, पथकाचे प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र ज्याच्याजवळ आहे, त्याला आपल्या दवाखान्यात मदतनीस म्हणून घेतात. कॉलेज सांभाळून करता येईल असे ते काम होते. मला ते प्रमाणपत्र हवे होते. एवढीच माझी गोष्ट.

फार धीर करून मी मैदानावर गेले. गुरुजींना नमस्कार केला आणि काय बोलायचे ते विसरले. शेवटी कसेबसे म्हणाले, "मला पथकात यायचे आहे."

मुले हसली. गुरुजींनी शिट्टी वाजवली. मुले गप्प झाली.

"पोरी, मी तुले खोटं नाही सांगत," गुरुजी म्हणाले. "माझा पक्का विरोध हाय. एक, पोरी आल्या का पोरं कवायत सोडून भांग पाडत बसतात. दोन, यात्रेत मुक्काम राह्यते. लोक माझ्या नावानं ओरडतीन. तीन, आजवर कोणी पोरगी आली नाही."

"आजवर आली नाही, हे कारण आहे का?" मी हळूच विचारले.

"तेच तर सर्वात मोठं हाय. रविवारी ये. सभेत तुझी बाजू मी मांडतो. माझी तू मांड."

दुसऱ्या दिवशी तयारीसाठी गुरुजींनी मला घरी बोलावले. वही उघडून त्यांनी माझी उलटतपासणीच सुरू केली. बाबा नेमके काय म्हणाले? कॉलेज किती वाजता सुटते? रक्त पाहून चक्कर येते का? मी एक-दोन शब्दांत उत्तर दिले की ते पेन्सिल आपटत. "असं नाही चालत वं. तुझं मले पुरतं समजलं पाहिजे. अर्धं समजून मी उभा राहत नाही." मग माझी पाळी. मीही वही काढली आणि त्यांचे म्हणणे विचारून विचारून लिहून घेतले. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघे एकमेकांची बाजू पाठ करत होतो.

"यांच्या पथकात चाळीस पोरं पट्ट्या बांधाले शिकले," काकू मला म्हणाल्या, "अन् चुलीवर माझा हात भाजला तर मलम मीच लावतो. यांच्या बोलण्याची काळजी करू नको. हे ज्याच्या विरोधात असतात ते होतेच." गुरुजी आत चष्मा शोधायला गेले तेव्हा त्या माझ्या कानाशी लागल्या. "तू फक्त जरा अडखळजो. दोन वाक्यं विसरून जाजो. बस."

सल्ला चांगला होता. पण मला तो पाळता आला नाही, हे सांगताना आजही थोडे ओशाळल्यासारखे होते.

रविवारी सकाळी कडुनिंबाखाली सतरंजी अंथरली होती. गुरुजी उठले, मिशांवरून हात फिरवला आणि खड्या आवाजात म्हणाले, "मी सुमन. पारशिवनीकडची. माझे बाबा म्हणतात, एक वर्ष शीक." मुले पोट धरून हसू लागली. मागे बसलेला एकजण ओरडला, "सुमनताई, मिशा कधी आल्या?" शिट्टी वाजली. मग गुरुजी अर्धा तास बोलले. राज्यघटना झाली, समता झाली, जगातल्या शूर स्त्रिया झाल्या. पण हसणे एकदा सुटले ते सुटलेच. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुझं म्हणणं हेच का?" मी मान हलवली. माझे म्हणणे इतके मोठे आहे हे मलाही माहीत नव्हते.

मग मी उभी राहिले. ठरवले होते की अडखळायचे. पण या माणसाने माझ्यासाठी मिशांसकट 'मी सुमन' म्हटले होते. त्यांचे म्हणणे मी मुद्दाम वाईट मांडले असते तर मला त्यांच्याकडे पाहता आले नसते. मी वही उघडली आणि लगेच मिटली, कारण वाक्ये शोधावीच लागली नाहीत. ती मी लहानपणापासून ऐकत आले होते. आजी, मामी, शाळेतले मास्तर, एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाई, एकेकजण येऊन माझ्या तोंडून बोलू लागले. "आज पट्टी बांधायला शिकेल," मी म्हणाले, "उद्या म्हणेल यात्रेला येते, आणि परवा गुरुजींच्या गळ्यातली शिट्टी मागेल!" टाळ्या पडल्या. मला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या. मी आणखी बोलले.

हात वर झाले. जवळजवळ सगळे माझ्या भाषणाच्या बाजूने, म्हणजे माझ्या विरुद्ध. सभा जिंकणाऱ्याने शिट्टी वाजवून सभा संपवायची, अशी तिथली रीत होती. पथकप्रमुख मनोहरने ती माझ्या हातात दिली. मी फुंकली. नुसती हवा आली.

मामाकडे येऊन मी बाबांना पोस्टकार्ड लिहायला बसले आणि "येथील सर्व क्षेम" याच्या पुढे मला काही सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गुरुजी. चेहरा लाल. "तू काल जे तिसरं बोलली ना, आजवर कोणी आली नाही म्हणून, ते साफ चुकीचं हाय!"

"गुरुजी, ते तर तुमचंच म्हणणं होतं."

"माझं असलं म्हणून काय झालं? मी ऐकत होतो ना! अर्धा तास मी बोललो, अन् त्या चाळीस जणांत ऐकणारा मी एकटाच होतो." मग म्हणाले, "अन् मी हरलो, हेही हाय. ते लपवत नाही."

हरलेल्याला महिन्याभराने विषय पुन्हा मांडता येत असे. तो महिना गुरुजींनी मुलांना जगू दिले नाही. एकाला पानठेल्यावर गाठले. एकाला न्हाव्याच्या खुर्चीत, गालाला साबण लावलेला असताना. मनोहर मला रस्त्यात भेटला तेव्हा रडकुंडीला आला होता. "ताई, गुरुजींले आवरा ना. काल आमच्या घरी आले अन् माझ्या आजीले समजावून राहिले होते. आजीनं मत बदललं. तिचं मत कोणी मागितलंच नव्हतं!"

महिन्याने सभा भरली तेव्हा नवाच पेच निघाला. गुरुजी आता मुलींच्या बाजूचे झाले होते. म्हणजे कायद्याने त्यांना विरोधात बोलायला हवे होते. मी पाहुणी, पाहुण्याला एकदाच बोलता येई. आणि मुलींच्या बाजूने बोलायचे ते मनोहरला, कारण सगळ्यात कट्टर विरोधक आता तोच उरला होता.

गुरुजी उठले. मिशांवरून हात फिरवला. तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. वर कडुनिंबाकडे पाहिले. कोणीतरी हळूच म्हणाले, "गुरुजी, एक, पोरं भांग पाडतात."

"तुम्ही आताही पाडता," गुरुजी म्हणाले. "पोरी नाहीत तरी." बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मले काही सुचून नाही राहिलं गा." आणि खाली बसले. पंचवीस वर्षांत गुरुजींना काही सुचले नाही, असे कोणी पाहिले नव्हते. मुले एकमेकांकडे बघू लागली.

मग मनोहर उठला. वही वगैरे काही नव्हती. "मागच्या यात्रेत गडावर एका बाईचा पाय मुरगळला," तो म्हणाला. "मी पट्टी घेऊन धावलो. पण हात कसा लावू? तिचा भाऊही संग होता. मग एका बहिऱ्या म्हातारीच्या हातात पट्टी दिली अन् मी दहा फुटांवरून ओरडून सांगत राहिलो, डावीकडून घ्या, उजवीकडून घ्या. म्हातारीनं पट्टी त्या बाईच्या चपलेसकट बांधली. लोक हसले. ती बाई रडून राहिली होती. मी सगळ्यांत चांगली पट्टी बांधतो. मले बक्षीस भेटलं हाय त्याचं."

तो बसला. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "हे मले काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटली, गुरुजी."

या वेळी हात मी मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती. त्या आठवड्यात मी आणि आमच्या गल्लीतल्या आणखी तिघी पथकात गेलो. मनोहरने आम्हाला पट्टी बांधायला शिकवले, आधी चपला काढून ठेवायला लावून. मार्चमध्ये माझ्या हातात प्रमाणपत्र आले.

आता गुरुजी नाहीत. गेल्या हिवाळ्यात थोड्याशा आजाराने ते गेले. त्यांची आठवण निघाली की लोक शिंप्याची गोष्ट सांगतात, पाच वाजताच्या कवायतीची सांगतात. मला आठवते ती एप्रिलातली एक दुपार.

परीक्षा संपली आणि बाबा मला न्यायला आले. मी प्रमाणपत्र पुढे केले आणि धंतोलीतल्या डॉक्टरांकडच्या कामाचे कसेबसे सांगितले. बाबांनी ते उलटसुलट पाहिले आणि चटईवर ठेवले. "पोरगा चांगला हाय, सावनेरचा," ते मामाला म्हणाले. सभेत इतकी बोलले होते, पण बाबांसमोर माझी जीभ हलेना. मामीने मागच्या दाराने जाऊन गुरुजींना बोलावून आणले, हे मला नंतर कळले.

गुरुजी चटईवर बसले. "भाऊ, पोरीले घरी काहून न्यायचं, ते आधी मी सांगतो. तुम्ही बाप आहा. दूर शहरात पोरगी, रात्री झोप लागत नाही. गावात लोक विचारतात. उद्या काही झालं तर बोल तुम्हालेच. बरोबर?"

बाबा चकित होऊन पाहत राहिले. "हो जी," ते म्हणाले. "हेच."

"आता पोरीचं तुम्ही सांगा."

"तिचं मी काय सांगू? ती तर कधी बोलतच नाही."

"तरी सांगा."

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ ते चटईच्या काड्या चाचपत बसले. मला वाटले, ते आता उठून जातील.

"लहान होती तेव्हा आमच्या गोऱ्ह्याचा पाय मोडला," ते सावकाश म्हणाले. "मी म्हटलं, जाऊ दे वं, नाही वाचत तो. हिनं ऐकलं नाही. बांबूच्या कामट्या बांधल्या, आपल्या फ्रॉकचा पट्टा काढून. रोज सोडे, रोज बांधे. वावरात येत नव्हती, जेवाले येत नव्हती." त्यांनी मांडीवरची टोपी उलटी केली. "लंगडत का होईना, पण चालला जी तो. मी तिले कधी चांगलं म्हटलं नाही. तिले तेच काम कराचं असन."

मी हे विसरून गेले होते. बाबांनी लक्षात ठेवले असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

बाबांनी ते प्रमाणपत्र चटईवरून उचलले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि विचारले, "हे धंतोली म्हणतात ते इथून किती दूर हाय जी? चालत जाता येते का?"